मोहाखालची रास

१

लटारू मडावी मेला त्या दिवशी जिल्ह्याच्या गावी पेढे वाटले गेले.

वाटणाऱ्यांपैकी एकानंही लटारूला कधी पाहिलं नव्हतं. पेपरात फोटो आला तेव्हाच काय ते दर्शन झालं. नाल्याकाठचा काळा खडक, खडकापाशी आडवा पडलेला मधल्या वयाचा माणूस, शेजारी एक जुनाट भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक आणि मागं कमरेवर हात ठेवून उभे असलेले उपनिरीक्षक देवराव निखाडे. दुसऱ्या दिवशी बसस्टँडच्या चौकात बॅनर लागला. त्यावर निखाड्यांच्या शेजारी वाघाचं चित्र होतं, आणि खरं सांगायचं तर त्या शेजारानं वाघ जरा ओशाळल्यासारखा दिसत होता.

लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. महिनाभरापूर्वीच सुरुंगात पोलिसांची गाडी उडाली होती. सगळं गाव त्या अंत्ययात्रांना उभं राहिलं होतं. लोकांच्या पोटात राग होता आणि रागाला कुठंतरी उतरायचं होतं. तो पेढ्यांतून उतरला.

आता पोलिसांच्या गोळीनं माणूस मेला की दंडाधिकाऱ्याची चौकशी होते. ही चौकशी म्हणजे बहुतेक वेळा तीन जबाब, एक चहा आणि एक सही. ती या खेपेला उपविभागीय अधिकारी फरहत शेख यांच्याकडे आली. फरहत वरोऱ्याची. वडिलांचं, जाफरभाईंचं, तिथं बांगड्यांचं दुकान. मुलगी साहेब झाल्यापासून जाफरभाई गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी भरताना निदान एकदा तरी तिचा विषय काढत.

सगळ्यांत आधी त्यांचाच फोन आला.

"बेटा, आपल्या वरोऱ्यात बी मिठाई वाटली. म्या बी खाल्ली. इतक्या सालात एक मर्द अफसर भेटला जिल्ह्याले. लोक मले दुकानात येऊन विचारून राह्यले, तुमची बेटी त्याच्याच मागं काऊन लागली म्हणून. काय सांगू मी?"

"मी कोणाच्या मागं नाही लागले, अब्बा. कागद पूर्ण करायचा आहे."

"मंग कर पूरा. लंबा नको करू."

फरहतनंही तसंच ठरवलं होतं. पण त्याच दुपारी लटारूची बायको शकुबाई आणि मुलगी रंजीता तिच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. शकुबाई खाली फरशीवर बसली, खुर्चीला हातही लावला नाही. बोलली ती रंजीता.

"मॅडम, नर्सिंगच्या शाळेत माझा नंबर लागला. पोलिसाचा दाखला मांगतात. ठाण्यात गेलो तं म्हणतात, नक्षल्याच्या पोरीले दाखला नाई भेटत. माझे बाबा नक्षली नव्हते जी. मोहफुलं वेचाले गेले व्हते."

"हे कोणी पाहिलं?"

रंजीतानं आईकडं पाहिलं. आईनं कोणाकडंच पाहिलं नाही. पदराची गाठ सोडली आणि आतली वस्तू टेबलावर ठेवली. बोटभर लांबीचा, हिरवट रंगाचा सुतळीचा तुकडा होता तो.

"आंघोळ घालताना त्याच्या मुठीत सापडला," शकुबाई म्हणाली.

"हे काय आहे?"

"तुमी या," ती म्हणाली. "गाडीनं नको. पायानं या."

२

जंगलातलं पोलीस मदत केंद्र म्हणजे वाळूची पोती, काटेरी तारा आणि आत उन्हानं तापलेले पत्रे. फरहतनं आधी तिथंच मुक्काम टाकला. गोळी सुटली तेव्हा पुढच्या तुकडीत तिघंच होते, आणि तिघांनाही तिनं एकेकटं बोलावलं.

निखाडे मूळचे नागपूरचे. देखणे, बोलण्यात तरबेज. पदकासाठी त्यांच्या नावाचा प्रस्तावही वर गेला होता. पहाटे गस्त परतत असताना नाल्यापलीकडच्या काळ्या खडकाआडून अग्निलोळ दिसला, गोळी कानाजवळून गेली, आणि स्वसंरक्षणार्थ आपण एक गोळी झाडली, असा त्यांचा जबाब होता.

दुसरे हवालदार भैयाजी. निवृत्तीला टेकलेले, वरोऱ्याचेच. आत येताच, "जाफरभाईची पोरगी ना तू? तुझ्या बारशाले होतो मी," म्हणून त्यांनी अर्धी लढाई जिंकायचा प्रयत्न केला. मग जबाब सुरू झाला, आणि त्यांनाही खडकाआडून अग्निलोळच दिसला.

"भैयाजी काका," फरहत म्हणाली, "घरी चुलीतून जाळ निघाला तर तुम्ही काकूंना 'अग्निलोळ दिसला' असं सांगता का?"

भैयाजींनी मिशीवरून हात फिरवला. "सरकारी कागदावर सरकारीच बोलाव लागते बेटा. आता या वयात मले नवीन भाषा नको शिकवू. घरी जाऊन आठवडाभर झोपाव म्हणतो, तं दिवाळीपासून सुटी भेटली नाई."

तिसरा अजय. कोरपन्याकडच्या कापूस पिकवणाऱ्या घरातला, नुकता भरती झालेला शिपाई. परवाच रजेवरून परतला होता. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं. त्यानंही अग्निलोळ म्हटलं, शब्दनशब्द तसंच, पाठ केलेल्या कवितेसारखं. तेव्हा फरहतनं कागदाबाहेरचा एक प्रश्न विचारला, जो तिनं आधीच्या दोघांनाही विचारला होता.

"आवाज कसा होता?"

निखाडे म्हणाले होते, बंदुकीचा. भैयाजी म्हणाले होते, मोठा. अजय एकदम म्हणाला, "जवळ, मॅडम. लय जवळ वाजला."

"पण खडक तर नाल्यापलीकडं आहे. नाला रुंद आहे ना?"

दारात निखाडे कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. "पोराला ताप आहे, मॅडम," ते म्हणाले. "जा रे, झोप जा."

तो गेल्यावर निखाडे समोर बसले. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला.

"त्या सुरुंगात माझे दोन मित्र गेले. त्यांचे तुकडे मी या हातांनी गोळा केले. जंगलात विचार करायला जागा नसते, मॅडम. जो विचार करतो तो फोटोत जातो. आणि एक सांगू? तुम्ही अहवालात काहीही लिहा, लोक माझ्या गळ्यातला हार काढणार नाहीत. त्यांना हेच हवं आहे."

ते खोटं बोलत नव्हते. या माणसाचं दुःख खरं होतं, आणि हारही खरा होता. फरहतला त्यांचा राग येईना, आणि तो येत नाही याचाच तिला राग आला.

३

जांभुळमेटा गावात ती पायी गेली. गावचा पोलीस पाटील मुखरू तिला घ्यायला वेशीवर आला होता. त्याच्या अंगात सरकारी खाकी सदरा आणि खाली पंचा होता, आणि या दोहोंमध्ये त्याचा जीव अडकलेला होता. सरकारशी बोललं तर जंगलातले लोक खबऱ्या म्हणणार, नाही बोललं तर सरकार विचारणार. त्यामुळं मुखरूनं आयुष्यभर एकच वाक्य घासूनपुसून तयार ठेवलं होतं.

"आमाले मालूम नाई जी."

लटारू कुठं मेला? आमाले मालूम नाई जी. त्याच्याकडं बंदूक होती? आमाले मालूम नाई जी. गावातलं दुसरं कोणीही दुसरं काही बोललं नाही. फरहत थकली. शेवटी शकुबाईच्या अंगणात जाऊन उभी राहिली. "मी आले. पायानं आले. आता?"

"सकाळी मोह पाहाले जा," शकुबाई म्हणाली. "मुखरूभाऊ दाखवन."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मुखरू तिला जंगलात घेऊन गेला, आणि फरहतनं जे पाहिलं त्यानं ती चालता चालता थांबली.

मोहाची मोठमोठी झाडं, पानं गळून नुसत्या फांद्या उरलेली, आणि त्या उघड्या फांद्यांतून फुलं खाली पडत होती. वारा नव्हता. कोणी हलवत नव्हतं. टप, टप, टप, असा सगळ्या जंगलभर आवाज चालला होता. गोड, जड वासानं डोकं भरून जात होतं. ती जिल्ह्यात आठवड्याला दहा मीटिंगा घेत होती, आणि त्याच जिल्ह्यात रोज पहाटे हे असं चाललेलं होतं, तिला न विचारता. तिला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं, आणि त्यात बरं वाटलं.

प्रत्येक झाडाखालची जमीन झाडून, पालापाचोळा जाळून लख्ख केलेली होती, फूल मातीत हरवू नये म्हणून. प्रत्येक झाडाखाली एकेक कुटुंब वाकून वेचत होतं.

"झाडं ठरलेली असतात का?"

"होय जी. ज्याचं झाड त्याचं. दुसरा हात नाई लावत."

थोडं पुढं गेल्यावर पायवाटेला लागून एक झाड होतं. सगळ्यांत मोठं. त्याच्याखाली कोणीच नव्हतं. झाडलेल्या जमिनीवर फुलांचे थरावर थर साचले होते. खालची काळी पडून कुजलेली, वरची ताजी, पिवळसर. उन्हाळ्याच्या तोंडावर, जेव्हा घराघरात टोपली भरायची धडपड चालते, तेव्हा एवढं अन्न मातीत जात होतं आणि कोणी बोटही लावत नव्हतं.

"हे कोणाचं?"

मुखरू हळूच म्हणाला, "लटारूचं."

आणि झाडाच्या बुंध्याजवळ दगडांची रास होती, गुडघ्याएवढी.

एवढ्यात टोपली घेतलेली एक म्हातारी पायवाटेनं आली. तिनं कमरेच्या ओच्यातून एक दगड काढला, राशीवर अलगद ठेवला आणि चालू लागली. थांबली नाही, हात जोडले नाहीत, मागं पाहिलं नाही. तिच्यामागून एक माणूस आला. त्यानंही ठेवला.

"हे काय आहे, मुखरूभाऊ?"

मुखरूनं सदऱ्याची वरची गुंडी सोडली. आता तो पंच्यातला मुखरू बोलू लागला.

"जो घरच्या मरणानं नाई मेला ना बाई, वाघानं नेला, झाडावरून पडला, त्याच्या जाग्यावर येता-जाता गोटा ठेवाचा. पन इथला उचलून इथी ठेवला तं थो चालत नाई. आपल्या दाराशी निघताना उचलाचा आनि आनाचा."

"आणि जागा चुकली तर?"

मुखरू तिच्याकडं पाहतच राहिला, एवढी शिकलेली बाई असं कसं विचारते म्हणून.

"जागा चुकून कसं चालन? मंग थो बिचारा आपल्याले कुठी सापडन?"

अख्ख्या गावानं तोंड शिवून घेतलं होतं, आणि अख्खं गाव रोज येऊन इथं जबाब देत होतं. काळा खडक नाल्यापलीकडं, नजरेच्याही टप्प्याबाहेर होता. गावात येताना ती तो पाहून आली होती; तिथं एकही दगड कोणी ठेवला नव्हता.

"म्या काई सांगतलं नाई जी," मुखरूनं गुंडी पुन्हा लावली. "आमी फक्त गोटे ठेवतो."

ती राशीपाशी वाकली. तांबडे दगड, काळपट दगड, नदीतले गुळगुळीत गोटे, सगळे या भागातले. आणि त्यांच्यात, एका बाजूला, जणू लाजून ठेवल्यासारखा, एक सपाट, राखी-पांढरा दगड. फरहतनं त्याला हात लावला नाही, पण ओळखलं. कोरपन्याला नायब तहसीलदार असताना या दगडाची भुकटी तिच्या केसांत, भातात, फायलींत असायची. सिमेंटच्या कारखान्यांना लागणारा चुनखडीचा दगड.

"गावात कोरपन्याकडची कोणी सून, जावई?"

"नाई जी. आमचं सारं इकडंच."

मग हा इथं कोणी आणला?

४

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तिघांनाही सोबत घेतलं.

"त्या दिवशी जसे आलात तसेच चला. मी मागं आहे."

निखाडे नाल्याकडं निघाले. "नाही," फरहत म्हणाली, "आधी मोहाच्या बाजूनं जाऊ. गस्तीची वाट तिकडूनच येते ना?" निखाड्यांचा चेहरा हलला नाही. भैयाजींनी मात्र खाली पाहिलं.

कुड्याच्या दाट झुडपांतून वाट काढत चौघं पुढं सरकले. समोर काही दिसत नव्हतं. सुकलेली पानं पायाखाली एवढी वाजत होती की चार माणसं नाही, चार बैल चालल्यासारखं वाटावं. लटारूचं झाड आता डाव्या हाताला, अगदी जवळ होतं. त्याच्या पलीकडच्या झाडाखाली कोणीतरी वाकलेलं अंधुक दिसत होतं.

आणि धाड! असा आवाज झाला. कानठळ्या बसवणारा, जणू छातीवरच फुटला.

फरहत पाचोळ्यात पालथी पडली. डोळे उघडले तेव्हा निखाडे आणि भैयाजी दोघांच्याही बंदुका खांद्याला होत्या, नळ्या त्या वाकलेल्या आकृतीकडं वळलेल्या.

"थांबा!" ती ओरडली.

पण तिच्याआधी दुसरंच कोणी ओरडलं होतं. अजयची रायफल जमिनीवर पडली होती. तो दोन्ही हातांनी डोकं धरून लटारूच्या झाडाकडं पाहत होता, आणि परत परत तेच म्हणत होता.

"टोपली हाये त्याच्याजवळ! टोपली हाये जी! टोपली हाये!"

झुडपापलीकडून एका बाईचं हसणं ऐकू आलं. "अवो माय! मले वाटलं अस्वलच आलं!"

ती सोमारी होती, गावातलीच. तिच्या एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात हिरवट सुतळीची गुंडाळी, पायाशी फुटलेल्या फटाक्याचा धूर. बंदुका दिसल्या तसं तिचं हसू तोंडातच राहिलं.

५

ते तिथंच बसले, लटारूच्या झाडाखाली, राशीपासून जरा लांब. फरहतनं शकुबाईचा सुतळीचा तुकडा रुमालावर ठेवला. त्याच्या शेजारी सोमारीच्या हातातला.

"मोहफुलं खायला पहाटे अस्वल येतं," ती म्हणाली. "म्हणून वेचणारे सोबत सुतळी बॉम्ब ठेवतात. पाचोळा वाजला की वरची सुतळी थोडी उकलून वात मोकळी करायची, पेटवायची आणि फेकायची. उकललेली सुतळी मुठीत राहते. लटारूच्या मुठीत राहिली होती. त्या पहाटे तुम्ही या झुडपांतून आलात. लटारूला वाटलं, अस्वल. त्यानं फटाका वाजवला. तुम्हाला वाटलं, नक्षली. तुम्ही गोळी वाजवली. अजयनं मला आधीच सांगितलं होतं, आवाज जवळ झाला म्हणून. तो त्या कागदातला एकुलता एक खरा शब्द होता."

एक फूल टपकन रुमालावर पडलं.

"माणूस टोपलीशेजारी पडलेला दिसला तेव्हा चूक कळली. मग त्याला उचलून नाल्यापलीकडं नेलं. जप्तीतली भरमार शेजारी ठेवली. टोपली फेकली. आणि भैयाजी काका, तुम्हाला अग्निलोळ दिसला."

"बंदूक म्याच आनली," भैयाजी म्हणाले. आवाज एकदम म्हातारा झाला होता. "माझी पेन्शन दिसली मले, बेटा. अग्निलोळ नाई."

"हे सगळं अंदाजानं," निखाडे म्हणाले. "दगडांच्या ढिगाचा पुरावा कोणत्या कोर्टात चालतो?"

"नाही चालत. पण दगडांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. गोळी तुम्ही स्वतः झाडलीच नाही, निखाडे."

निखाडे पहिल्यांदाच दचकले.

"त्या राशीत एक दगड कोरपन्याचा आहे. इथं रिवाज असा की दगड आपल्या घरच्या दाराशी उचलून आणायचा. भैयाजी दिवाळीपासून घरी गेले नाहीत. तुम्ही नागपूरचे, आणि रागावू नका, तुम्ही दगड ठेवला असता तर सोबत फोटोग्राफर आणला असता. हा पोरगा मात्र नुकताच रजेवरून परतला. ज्याला माहीत होतं की लटारू खडकापाशी नाही, इथंच मेला, आणि ज्याला ते घेऊन झोप येत नव्हती, असा एकच माणूस कोरपन्याहून आला."

अजय रडत नव्हता. मघाशी ओरडून गेल्यावर त्याच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी थोडी शांतता आली होती.

"म्याच झाडली, मॅडम. धाड झालं आनि बोट दबलं. मंग तिकडं पाह्यलं तं टोपली."

"मी असतो तर मीही झाडली असती!" निखाडे उसळले. "पोरगा आयुष्यातून उठला असता. मी ते माझ्या अंगावर घेतलं. हा गुन्हा झाला?"

मघाच्या धमाक्यानं फरहतचंही काळीज अजून उडत होतं. हातात बंदूक असती तर आपण काय केलं असतं, हे तिला खात्रीनं सांगता आलं नसतं, आणि ते तिनं बोलूनही दाखवलं.

"त्या क्षणाचं मीही सांगू शकत नाही, निखाडे. माझं बोटही दबलं असतं कदाचित. त्याचा निवाडा कोर्ट करेल, आणि या पोराची भीती काय होती तेही मी लिहीन. पण त्या क्षणानंतर तुम्हाला भरपूर वेळ होता. विचार करायला जागा होती. मेलेला माणूस उचलून न्यायला, बंदूक शोधायला, तीन जबाब जुळवायला. पोराला वाचवायचं म्हणता, मग पदकाच्या प्रस्तावावर सही का केली? तुम्ही अंगावर घेतलं नाही. छातीवर लावून घ्यायला निघालात."

निखाड्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"लोक मला विचारतील," ते शेवटी म्हणाले, "मग सुरुंगात मेलेल्यांचं काय?"

"त्यांचं दुःख लटारूनं दिलं नव्हतं," फरहत म्हणाली.

अजयचा नवा जबाब तिनं तिथंच, झाडाखाली लिहून घेतला. फक्त एक प्रश्न तिच्या मनात उरला होता.

"हा रिवाज तुला कोणी सांगितला?"

अजयनं राशीकडं पाहिलं. "शकुबाईनं."

६

शकुबाई अंगणात सुपानं धान्य पाखडत होती. फरहत समोर जाऊन बसली, या वेळी जमिनीवर.

"तुम्हाला माहीत होतं. अजयनं गोळी झाडली हे पहिल्यापासून माहीत होतं."

सूप थांबलं नाही. "थो आला व्हता. आठ दिवस झाले व्हते. कुंपणाबाहेर उभा राह्यला आनि नुसता रडून राह्यला. म्या ओळखलं. दुसरं कोन रडन?"

"मग?"

"मले हात जोडून म्हणते, माय, म्या काय करू? म्या म्हणलं, तुझ्या घरी जा. दाराशी गोटा उचल. घेऊन ये. जागा तुले मालूम हाये." तिनं फुंकर मारून कोंडा उडवला. "आनला त्यानं. गावानं पाह्यला. कोनी काढून नाई फेकला."

"तुम्ही त्याचं नाव मला का नाही सांगितलं?"

"त्याचं नाव काय कराचं जी मले?" शकुबाईनं पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडं पाहिलं. त्या डोळ्यांत राग नव्हता असं नाही. होता. पण तो तिनं नीट घडी घालून ठेवलेला होता. "मले लटारूचं नाव पाह्यजे. माझ्या पोरीले बापाचं नाव पाह्यजे. थे कागदावर लिहा. आनि जागा बराबर लिहा."

फरहतनं ते तसंच लिहिलं. मृत्यूचं ठिकाण, लटारू मडावी यांचं मोहाचं झाड. मृत इसम मोहफुले वेचत होता, निःशस्त्र होता.

पुढं जे व्हायचं ते झालं. निखाडे निलंबित झाले, पदकाचा प्रस्ताव परत आला, अजयवर आणि भैयाजींवर खटला उभा राहिला. चौकातला बॅनर मात्र कोणी उतरवला नाही. तो उन्हात फिका होत गेला, निखाडे आधी पुसट झाले आणि वाघ एकटाच उरला. चहाच्या टपरीवर लोक म्हणत, बाईसाहेब तिकडच्या लोकांना मिळाल्या. एकदा तिच्या गाडीच्या काचेवर कोणी शेण फेकलं. पण रंजीताला दाखला मिळाला, आणि ती नर्सिंगच्या शाळेत गेली. जाताना तिनं फरहतला नमस्कार केला नाही, घट्ट मिठीच मारली.

मग फरहत रजा घेऊन वरोऱ्याला गेली.

जाफरभाई तिच्याशी दोन दिवस जेवणापुरतंच बोलले. दुकानात लोकांनी त्यांनाही कमी ऐकवलं नव्हतं. निघायच्या सकाळी ते दुकानाची फळी काढत होते, तेव्हा फरहत पायरीपाशी वाकून काहीतरी शोधत होती.

"क्या ढूंढ रही?"

"गोटा, अब्बा. आपल्या दाराचा."

मग तिनं त्यांना सगळं सांगितलं. पायरीवर बसून, पहिल्यांदाच, अहवालाच्या भाषेत नाही. टप टप पडणारी फुलं, दगड ठेवून न थांबता जाणारी म्हातारी, कुंपणाबाहेर रडणारं पोरगं आणि सूप न थांबवता बोलणारी शकुबाई. एक गिऱ्हाईक आलं, जाफरभाईंनी हातानंच थोड्या वेळानं ये म्हणून सांगितलं. असं त्यांनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं.

सांगून झाल्यावर फरहतनं आपला दगड पिशवीत टाकला आणि उठली.

"रुक जा."

जाफरभाई गुडघ्यावर हात ठेवून कण्हत खाली वाकले. पायरीच्या कडेचा एक दगड उचलला, खांद्यावरच्या रुमालानं नीट पुसला आणि तिच्या हातात दिला.

"हा माझा. म्या बी पेढा खाल्ला व्हता त्या रोजी." त्यांनी तिच्या मुठीवर आपला हात ठेवला. "जागा बराबर मालूम हाये ना तुले?"

"मालूम हाये, अब्बा," फरहत म्हणाली.